बोटांच्या फटीतून पाहताना

रहस्यपट ऐन भरात आला की घरातले लहान मूल दोन्ही हात डोळ्यांवर घेते, पण बोटे मात्र पुरती मिटत नाही. भीती वाटते म्हणून हात वर जातात आणि पाहिल्यावाचून राहवत नाही म्हणून बोटांत फट राहते. मोठी माणसे हात डोळ्यांवर नेत नाहीत एवढेच. एरवी त्यांची अवस्था काही निराळी नसते. मूठ आवळलेली असते, हातातला चहा केव्हाच निवलेला असतो आणि स्वयंपाकघरातून आलेली हाक कोणाच्याच कानांवर पडत नाही. पडद्यावरचा माणूस नट आहे, त्याच्या हातातला सुरा खोटा आहे, अंधार हा दिवे मांडून तयार केलेला आहे, हे सारे ठाऊक असूनही छाती धडधडते. ही किमया होते तरी कशी?

आपल्या सुशिक्षित घरांतून या प्रश्नाचा विचार फारसा होत नाही. रहस्यपट म्हणजे दोन घटका वेळ घालविण्याचे साधन, अशीच आपली समजूत असते. चर्चा झालीच तर ती कथानकापुरती: खून कोणी केला, का केला आणि तुला आधीच कळले होते का? वस्तुतः कथानक हे रहस्यपटाचे निम्मेच काम करते. उरलेले निम्मे काम होते ते कॅमेरा कोठे ठेवला, दोन दृश्ये कोणत्या क्रमाने जोडली, कोणता आवाज ऐकवला आणि कोणती गोष्ट हेतुपुरस्सर दाखवली नाही यांतून. प्रेक्षकाने कोणावर विश्वास ठेवायचा, कोणासाठी काळजी करायची आणि कोणाचा तिरस्कार करायचा, हे या निवडींवरून ठरत असते. म्हणूनच हे तंत्र समजून घेणे हा निव्वळ रसिकतेचा विषय नाही. हेच तंत्र आज चित्रपटगृहाबाहेर पडून आपल्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी बातम्यांच्या रूपाने हजर होत आहे. त्याचा परामर्श शेवटी घेऊच. आधी मूळ विद्या पाहू.

टेबलाखालचा बॉम्ब

या विद्येचा सर्वांत मोठा आचार्य म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. लंडनमधील एका भाजीविक्रेत्याच्या घरी १८९९ साली जन्मलेल्या या दिग्दर्शकाने मूकपटांच्या काळात कामास आरंभ केला आणि पन्नासाहून अधिक चित्रपट निर्माण करून १९८० साली जगाचा निरोप घेतला. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने १९६२ साली त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली. पुढे तिचे पुस्तक झाले आणि जगभरचे चित्रपटशिक्षण घेणारे विद्यार्थी ते आजही वाचतात. त्या मुलाखतीत हिचकॉकने दिलेला एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे. मात्र तो तेथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नाही. एकाएकी स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणे काही सेकंदांचे. आता तोच प्रसंग निराळ्या रीतीने मांडू. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे, तो एक वाजता फुटणार हे त्याला माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे. गप्पा त्याच, माणसे तीच. पण आता त्या निरर्थक गप्पांतील प्रत्येक शब्द असह्य होतो. त्यांना ओरडून सावध करावे, असे प्रेक्षकाला वाटू लागते. पहिल्या मांडणीत काही सेकंदांचा धक्का मिळाला, दुसरीत पंधरा मिनिटांची घालमेल मिळाली.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ताण निर्माण होतो तो माहिती लपवून नव्हे, ती योग्य वेळी पुरवून. पडद्यावरच्या पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्या ज्ञानाचे ओझे घेऊन तो हतबल बसलेला असतो. आपल्याकडील कथाकीर्तनाच्या परंपरेला हे नवे नाही. लाक्षागृह लाखेचे आहे हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. म्हणून तर पांडव त्यात पाऊल टाकतात तेव्हा श्रोत्यांचा जीव वरखाली होतो.

काळ हे या ताणाचे दुसरे साधन. १९४६ सालच्या ‘नोटोरियस’ चित्रपटात एका भव्य मेजवानीचा प्रसंग आहे. नायिकेने तळघराची किल्ली नवऱ्याच्या नकळत मिळविली आहे. कॅमेरा प्रथम उंचावरून सारा दिवाणखाना दाखवतो. झुंबर, पाहुणे, सारा थाटमाट दिसतो. मग तो संथपणे खाली उतरत उतरत थेट तिच्या मुठीशी येतो आणि त्या मुठीत किल्ली दिसते. एकही शब्द उच्चारला जात नाही. पण एवढ्या सगळ्या झगमगाटाचे मर्म त्या एका मुठीत आहे, हे प्रेक्षकाला कळून चुकते. पुढे घड्याळाचीही गरज पडत नाही. मेजवानीतील शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होऊ लागतात. त्या संपल्या की कोणीतरी तळघराकडे जाणार आणि नायिका पकडली जाणार. रिकाम्या होणाऱ्या बाटल्या हेच येथील घड्याळ.

या शक्तीलाही मर्यादा आहे आणि ती हिचकॉकला स्वतःच्या चुकीतून कळली. १९३६ सालच्या ‘सॅबोटाज’मध्ये एक निष्पाप मुलगा, आपल्या हातातील पुडक्यात बॉम्ब आहे हे न जाणता, लंडनच्या रस्त्यांतून चालला आहे. गर्दी, मिरवणूक, बसचा खोळंबा. प्रत्येक गोष्ट त्याला उशीर करते आणि प्रेक्षक घड्याळाकडे पाहत राहतो. अखेर स्फोट होतो आणि मुलगा मरतो. प्रेक्षक संतापले. पुढे त्रुफोजवळ हिचकॉकने ही आपली चूक असल्याचे मान्य केले. ज्या मुलाविषयी प्रेक्षकांच्या मनात एवढी माया निर्माण केली, त्याला मारायला नको होते, असे त्याचे म्हणणे. काळजी करायला लावणे हे एक प्रकारचे वचन असते. ते मोडले तर प्रेक्षक कलावंताला क्षमा करीत नाही.

कोणाच्या डोळ्यांनी?

१९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग चित्रपटकलेच्या इतिहासात सुपरिचित आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. एकदा सुपाचे भांडे, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. चेहरा तोच होता. पण पाहणाऱ्यांना त्यात एकदा भूक, एकदा शोक आणि एकदा अभिलाषा दिसली. अर्थ नटाच्या चेहऱ्यात नव्हता, तो दोन चित्रांच्या सांध्यात होता आणि तो सांधा प्रेक्षकाच्या मनात जुळत होता.

या एका तत्त्वावर हिचकॉकने १९५४ साली ‘रिअर विंडो’ हा अख्खा चित्रपट उभा केला. पायाला प्लास्टर घातलेला एक छायाचित्रकार खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतील बिऱ्हाडांकडे पाहतो आहे. समोरच्या एका घरात खून झाल्याचा त्याला संशय येतो. कॅमेरा जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर त्याच्या खोलीतच राहतो. त्याला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. त्याला जे ऐकू येते, अंगणापलीकडचे अर्धवट संभाषण, कोणाचा तरी पियानो, तेवढेच आपण ऐकतो. त्याचा चेहरा, मग समोरची खिडकी, पुन्हा त्याचा चेहरा. या क्रमाने हळूहळू आपणही त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. आणि मग तो क्षण येतो. पुरावा शोधण्यासाठी समोरच्या घरात शिरलेली नायिका, खून झालेल्या स्त्रीची अंगठी आपल्या बोटात आहे हे पाठीमागे हात करून खिडकीतून खुणावते. खुनी माणसाच्या ते लक्षात येते आणि तो मान वर करून थेट आपल्याकडे पाहतो. इतका वेळ आपण पाहणारे होतो, आता आपण पाहिले गेलो. परक्याच्या खिडकीत डोकावण्याचा हिशेब एका नजरेत चुकता होतो. चोरून पाहण्यात काय गैर आहे, यावर प्रवचन देऊन जे साधले नसते ते येथे कॅमेऱ्याच्या जागेने साधले आहे.

पण हीच शक्ती उलटही वापरता येते. १९६० सालच्या ‘सायको’मध्ये नायिकेचा खून चित्रपटाच्या पूर्वार्धातच होतो. नंतर पथिकाश्रमाचा तरुण चालक सारी खोली धुऊन काढतो. तो आपल्या आईचे कृत्य झाकत आहे, अशी आपली समजूत असते. मृतदेह मोटारीत ठेवून तो ती मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते आणि अर्ध्यावर थांबते. तो अस्वस्थ होतो. त्या क्षणी प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. काही क्षणांनी मोटार पुन्हा बुडू लागते आणि आपल्याला हायसे वाटते! थांबून विचार करावा. ज्या स्त्रीसाठी आपण इतका वेळ काळजी करीत होतो, तिचाच देह दडपला जात असताना आपल्याला हायसे वाटावे? दिग्दर्शकाने कोणताही युक्तिवाद केला नाही. त्याने आपल्याला बराच वेळ त्या तरुणाबरोबर ठेवले, त्याची धांदल जवळून दाखवली आणि आपली सहानुभूती नकळत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली.

आपल्या काव्यशास्त्राने या व्यापाराला साधारणीकरण असे नाव दिले आहे. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी भयानक रसाचे विवेचन करताना कालिदासाच्या शाकुंतलातील पहिल्या अंकातील हरिणाचे उदाहरण घेतले आहे. रथ पाठीशी लागला आहे, हरीण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे, अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. येथे जी भीती आपण अनुभवतो ती ‘हे हरीण भ्याले आहे’ अशीही नाही आणि ‘मी भ्यालो आहे’ अशीही नाही. व्यक्तीच्या मर्यादेतून सुटलेली ती निखळ भीती आहे आणि म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. कॅमेरा नव्हता तेव्हा कालिदासाने वळलेली मान आणि सांडलेले दर्भ एवढेच निवडून दाखवले. निवड हेच तंत्राचे मूळ आहे.

न दाखविण्याची कला

रहस्यपट म्हणजे रक्तपात, असा एक गैरसमज रूढ आहे आणि इंटरनेटवरून घरात येणाऱ्या अलीकडच्या अनेक मालिकांनी तो दृढ केला आहे. श्रेष्ठ रहस्यपटांची साक्ष मात्र वेगळी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा दंडक घालून दिला. हा केवळ शिष्टाचार नव्हता. प्रत्यक्ष दाखविण्यापेक्षा सुचविण्याचे सामर्थ्य मोठे असते, हा रंगभूमीचा अनुभव त्यामागे होता.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याच्या १९३१ सालच्या ‘एम’ चित्रपटात लहान मुलींचे खून करणारा एक विकृत माणूस आहे. विषय भयंकर, पण खून एकही दिसत नाही. आई मुलीच्या नावाने हाका मारते आणि पडद्यावर दिसतो तो रिकामा जिना, वाळत घातलेले कपडे, जेवणाच्या टेबलावरचे रिकामे ताट. मग झुडुपातून एक चेंडू घरंगळत येऊन थांबतो आणि एक फुगा तारांत अडकून फडफडतो. बस्स. पालकांच्या काळजात याहून खोल रुतणारे दृश्य सापडणे कठीण. त्याच चित्रपटात खुनी ओळखला जातो तो एका आंधळ्या फुगेवाल्याकडून, शिट्टीवरच्या एका धुनेमुळे. बोलपट नुकताच जन्माला आला होता. आवाज हा संवादांपुरता नसून तो साक्षीदारही होऊ शकतो, हे लांगने तेव्हाच ओळखले.

‘सायको’मधील स्नानगृहातील खुनाचे दृश्य जेमतेम पाऊण मिनिटाचे आहे. ते चित्रित करण्यास सात दिवस लागले आणि त्यासाठी सत्तरहून अधिक वेळा कॅमेऱ्याची जागा बदलण्यात आली. सुरा दिसतो, हात दिसतो, किंचाळणारे तोंड दिसते, पाण्याबरोबर वाहणारे रक्त दिसते (ते रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता). पण सुरा शरीरात घुसताना जवळजवळ दिसतच नाही. घाव घालण्याचे काम संकलनाच्या कात्रीने केले आहे. या दृश्याला संगीत असू नये, अशी हिचकॉकची मूळ इच्छा होती. संगीतकार बर्नार्ड हरमन याने तरीही केवळ तंतुवाद्यांवर चिरकणारे स्वर रचले. ते ऐकल्यावर दिग्दर्शकाने आपला आग्रह मागे घेतला. आज ते दृश्य आठवते तेव्हा आधी ते स्वर आठवतात.

१९७५ सालच्या ‘जॉज’ची गोष्ट तर बोधकथाच म्हणावी अशी. तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने शार्क दाखविण्यासाठी यांत्रिक मासे बनवून घेतले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते वारंवार बिघडू लागले. मासाच नाही म्हटल्यावर दाखवायचे काय? मग पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे पाहणारा कॅमेरा, पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप आणि जॉन विल्यम्स यांनी रचलेले दोन स्वरांचे आवर्तन यांनीच माशाची जागा घेतली. मासा बराच काळ नीट दिसत नाही आणि तोवर साऱ्या समुद्राचीच भीती वाटू लागलेली असते. यंत्र चालले असते तर कदाचित एक सामान्य चित्रपट निर्माण झाला असता.

आपल्याकडेही हे भान होते. १९४९ सालच्या कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये भूत दाखविण्याची कोणतीही हातचलाखी नाही. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा छायाप्रकाश आणि लता मंगेशकरांचा दुरून येणारा स्वर यांनीच तो पडका वाडा झपाटला आहे. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून त्यांनी खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात मायक्रोफोनजवळ यायचे, अशी योजना त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी करावी लागली होती. चार पावलांच्या अंतरातून खेमचंद प्रकाश यांनी जन्मांतरीचे अंतर उभे केले. १९६० साली बी. आर. चोप्रा यांनी ‘कानून’मध्ये आणि १९६९ साली त्यांचे बंधू यश चोप्रा यांनी ‘इत्तेफाक’मध्ये एकही गाणे न घालण्याचे धाडस केले, तेही याच जाणिवेतून. ताण एकदा चढला की त्याला मध्येच बाहेर जाण्याची वाट ठेवायची नाही. मराठीत राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’मध्ये मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री न्यायालयात उभी करून प्रेक्षकाला नायकाइतकेच संभ्रमात ठेवले. दोन वर्षांनी त्यावरूनच राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला. रहस्यपटाच्या क्षेत्रात मराठीने हिंदीला दिलेले हे देणे आपण विसरता कामा नये.

डोळ्यांदेखत झालेली फसगत

‘कानून’मध्ये एक वकील स्वतःच्या डोळ्यांनी खून होताना पाहतो, खुनी म्हणून त्याला दिसतात ते साक्षात न्यायमूर्ती, त्याचे होणारे सासरे. त्याच्याबरोबर आपणही ते पाहिलेले असते, म्हणून आपलीही खात्री असते. ती खात्री शेवटी कोसळते. प्रत्यक्षदर्शी पुराव्यावर माणसाला फाशी द्यावी काय, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. तो भाषणाने विचारण्याआधी चोप्रांनी प्रत्येक प्रेक्षकाला खोटा साक्षीदार बनवून ठेवले आहे.

हाच धागा अर्धशतकानंतर ‘दृश्यम’ने पुढे नेला. जितू जोसेफ यांचा हा मल्याळम चित्रपट २०१३ चा. २०१५ साली निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने तो हिंदीत आणताना गोव्याच्या मातीत रुजवला. कामत २०२० साली अकाली गेले. ‘डोंबिवली फास्ट’ आणि ‘दृश्यम’ एवढी दोन नावेही त्यांची आठवण ठेवण्यास पुरेशी आहेत. जेमतेम शिकलेला, केबलचा व्यवसाय करणारा, रात्रंदिवस चित्रपट पाहणारा विजय साळगावकर आपले कुटुंब वाचविण्यासाठी साक्षीदार विकत घेत नाही. तो त्यांना दृश्ये दाखवतो. बसमध्ये, उपाहारगृहात, चित्रपटगृहात भेटलेल्या माणसांना तो पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता २ ऑक्टोबर ही तारीख त्यांच्या मनात रुजवतो. ती माणसे खोटे बोलत नाहीत. आपण खरेच बोलत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा असते. डोळ्यांनी पाहिलेले मन विसरत नाही, पण ते केव्हा पाहिले आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र दुसरा कोणी ठरवू शकतो. हेच संकलन! नायक येथे चित्रपट-दिग्दर्शकाचेच काम करतो आहे.

येथेही एक मोटार पाण्यात बुडवली जाते आणि येथेही आपण बुडविणाऱ्याच्या बाजूने असतो. अर्थात ‘सायको’ आणि ‘दृश्यम’ यांतील नैतिक परिस्थिती एक नव्हे. मुलीच्या अब्रूवर घाला घालू पाहणाऱ्याविषयी कोणाही बापाला काय वाटेल, हे सांगणे नलगे. पण एक मूल गमावलेली आईही या कथेत आहे. तिच्या घरात कॅमेरा जितका वेळ थांबतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ तो साळगावकरांच्या घरात थांबतो. या वेळेच्या वाटणीवरच आपला निवाडा अवलंबून असतो. रहस्यपटाचे सारे नीतिशास्त्र या एका वाक्यात आहे.

प्रेक्षकांत शत्रूही बसलेला असतो तेव्हा

आता मूळ चिंतेकडे वळू. ताण म्हणजे प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक माहिती असणे, हे आपण पाहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि पुढे तीन दिवस साऱ्या देशाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. कॅमेरे रोखलेले होते, क्षणाक्षणाची वार्ता मिळत होती, नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो थेट दिसत होते. प्रेक्षक खुर्चीला खिळून होता. हा नेमका टेबलाखालच्या बॉम्बचा प्रकार होता. फरक एवढाच की टेबलाशी बसलेली माणसे खरी होती. आत अडकलेल्यांना जे ठाऊक नव्हते ते बाहेर सर्वांना दिसत होते आणि त्या ‘सर्वांत’ पाकिस्तानात बसून हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देणारे त्यांचे सूत्रधारही होते. चित्रपटगृहातील प्रेक्षक हतबल असतो, म्हणून त्याचे ज्ञान निरुपद्रवी असते. हा प्रेक्षक हतबल नव्हता.

१६६ जणांचा बळी घेणाऱ्या या हल्ल्यातील कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. त्यातून कोणतेही राष्ट्रहित साधले नाही, उलट सुरक्षा दलांचे काम अधिक अवघड झाले, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१५ साली केबल दूरचित्रवाणीविषयक नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई करण्यात आली. एवढे होऊनही पहलगामच्या हत्याकांडानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना तीच सूचना नव्याने करावी लागली. त्यानंतर मे महिन्यातील लष्करी कारवाईच्या दिवसांत वाहिन्यांवर हवाई हल्ल्याचे भोंगे पार्श्वसंगीतासारखे वाजू लागले. अखेर १० मे रोजी नागरी संरक्षण दलाच्या महासंचालनालयाला, हा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, असे वाहिन्यांना सांगावे लागले. कारण उघड होते. रोज ऐकून सरावलेले कान खऱ्या भोंग्याच्या वेळी हलणार नाहीत. हरमनची तंतुवाद्ये चित्रपटगृहात चिरकली तर ती कला. जीव वाचविण्यासाठी राखून ठेवलेला आवाज निवेदकाच्या वाक्यामागे चिरकला तर तो समाजाच्या सुरक्षिततेशी खेळ.

हा दोष तंत्राचा नव्हे. सुरा वैद्याच्याही हाती असतो. पण रहस्यपटात दिग्दर्शकाने एक करार पाळलेला असतो: हे खोटे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि दोन तासांनी दिवे लागतील. बातमीत तसा करार नसतो, दिवेही लागत नाहीत. कोणाचा तरी चेहरा लाल वर्तुळात, संथ गतीने, दडपण आणणाऱ्या संगीतासह दहा वेळा दाखवला की आरोपपत्राआधीच त्याचा निकाल लागतो. ही गोष्ट आपल्याला नावडत्या माणसाबाबत घडली म्हणून ती क्षम्य ठरत नाही. उद्या तेच वर्तुळ आपल्या माणसाभोवतीही काढले जाईल.

घरातच सुरुवात

यावर उपाय काय? पडद्याकडे पाठ फिरवा, असे सांगणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. चांगले रहस्यपट मुलांनी, योग्य वयात, जरूर पाहावेत. शक्य तर आईवडिलांबरोबर पाहावेत. तंत्र कळल्याने गोडी जाते, हा आक्षेप खरा नाही. राग ओळखणाऱ्याला मैफल कमी रंगते काय? उलट तो तिचा अधिक जाणता श्रोता होतो.

एक साधा प्रयोग प्रत्येक घरात, आपल्या अभ्यासवर्गांतही, करण्याजोगा आहे. एखाद्या रहस्यपटातील दहा मिनिटांचा प्रसंग आधी नेहमीसारखा पाहावा आणि मग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. भीती किती उरते, ते मुलांनाच विचारावे. नंतर तीन प्रश्न ठेवावेत. आपण हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिले? जे दाखवले नाही ते काय होते? आणि कोणता आवाज त्या जागी खराच होता, कोणता नंतर भरला होता? हेच तीन प्रश्न घेऊन त्याच रात्री पंधरा मिनिटे बातम्या पाहाव्यात. एवढ्याने जे शिक्षण होईल ते प्रसारमाध्यमांविषयीच्या दहा व्याख्यानांनी होणार नाही. अक्षरसाक्षरतेसाठी या देशाने मोठी खटपट केली. चित्रसाक्षरतेची पाळी आता आली आहे आणि तिला सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

हिचकॉकच्या त्या छायाचित्रकाराने खुन्याशी गाठ पडली तेव्हा कॅमेऱ्याचे दिवे लखलखवून त्याचे डोळे दिपवले आणि स्वतःचा जीव काही क्षण वाचवला. आज डोळे दिपवले जात आहेत ते आपले. घरातले मूल बोटांच्या फटीतून पाहते तेव्हा त्याला हसू नये. आपण घाबरत आहोत हे त्याला निदान ठाऊक असते. त्याच्याजवळ बसावे, त्याचे हात अलगद खाली घ्यावेत आणि कॅमेरा कोठे ठेवला आहे ते त्याला दाखवावे.